आधी मोजा, मग विंडोज मारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव झाला की मंडळांच्या आरत्यांची आणि स्पर्धांची चित्रणं यूट्यूबवर चढू लागतात. थंडी पडली की त्यांच्या पाठोपाठ कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी इथल्या साहित्य संमेलनांची. वक्ता चांगला असतो, चित्रही स्वच्छ असतं, पण ओठ आधी मिटतात आणि शब्द मागून येतो. अर्ध्या तासानंतर तर ओठ खानापूरला पोचलेले असतात आणि आवाज अजून देसूरलाच असतो. घरात बघणारा म्हणतो, ‘नेट स्लो आहे.’ दुकानात नेलं तर उत्तर मिळतं, ‘विंडोज मारून घ्या.’ बहुतेक वेळा ही दोन्ही निदानं चुकीची असतात. नेट मंद असेल तर चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबतात आणि एकदम सुरू होतात, त्यांची फारकत होत नाही. विंडोज नव्याने घातल्याने ड्रायव्हरचा (संगणकाचे भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) बिघाड गेला तर जाईल, पण फाइलमध्येच असलेला फरक कितीही वेळा फॉरमॅट मारला तरी तिथेच राहतो.

फाइलमध्ये चित्र आणि आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतात आणि प्रत्येक तुकड्यावर तो कधी दाखवायचा याचा वेळशिक्का असतो. प्लेअर बहुधा आवाजाचं घड्याळ प्रमाण मानतो आणि चित्राला त्याच्यामागे पळवतो. कारण साधं आहे. चित्राची एक फ्रेम (व्हिडिओतलं एक स्थिर चित्र) गळली तर डोळा चालवून घेतो, पण आवाजात तेवढीच फट पडली तर ‘टक्’ असा आवाज येतो आणि कान लगेच पकडतो. म्हणून संगणक दमला की आवाज नीट चालू राहतो आणि चित्र अडखळतं, मागे पडतं, मग एकदम धावत येऊन गाठतं. असं दिसलं तर दोष फाइलचा नाही, संगणकाच्या ताकदीचा आहे.

किती फरक खपतो, तेही पाहू. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८च्या शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे राहिला की माणसाला ते जाणवू लागतं. मागे राहिलेला आवाज जास्त खपतो, कारण त्याची आपल्याला सवय आहे. शेताच्या पलीकडे कुणी कुऱ्हाड घातली तर घाव आधी दिसतो, आवाज नंतर येतो. उलटं निसर्गात कधीच होत नाही, म्हणून आवाज पुढे गेला की लगेच खटकतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. म्हणजे आवाज दोन फ्रेम पुढे गेला तर चित्रण बिघडलंच समजा. दोन फ्रेम मागे असेल तर बहुतेकांच्या ध्यानातही येणार नाही.

तपासायला वेगळं साधन आणावं लागत नाही. मराठीत प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. ‘गणपती बाप्पा मोरया’ या घोषणेत प, ब, प्प, म अशी ओष्ठ्य अक्षरांची माळच आहे. त्यातला ‘प्प’ सगळ्यात कामाचा. तिथे ओठ क्षणभर बंद राहतात, आवाज पूर्ण थांबतो आणि ओठ सुटताच फुटतो. ओठ मिटलेले असताना ‘प्पा’ ऐकू आला तर आवाज पुढे आहे. ओठ उघडून ‘मो’साठी पुन्हा मिटू लागले तरी ‘प्पा’ आला नसेल तर आवाज मागे आहे. भजनाच्या चित्रणात टाळ पहावेत. टाळावर टाळ पडण्याचा क्षण एका फ्रेममध्ये सापडतो.

आता मुद्द्याचं. ही तपासणी एकदा नव्हे, तीनदा करायची: सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी. तिन्ही ठिकाणी फरक तेवढाच असेल तर तो दोष एका जातीचा आहे. सुरुवातीला काहीच नाही आणि शेवटी एक सेकंद असेल तर जात वेगळी, आणि औषधही वेगळं. एका विशिष्ट जागेपर्यंत सगळं ठीक आणि तिथून पुढे एकदम फरक, ही तिसरी जात. या तिन्हींवर एकच उपाय करणं म्हणजे ताप, खरूज आणि मोडलेलं हाड यांवर एकच गोळी देणं.

त्याआधी दोन मिनिटांचं एक काम करा. तीच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये आणि वायरच्या इअरफोनवर लावून पहा. पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्या संगणकावरही बघितली तर आणखी चांगलं. सगळीकडे सारखाच फरक असेल तर दोष फाइलमध्ये आहे. एकाच ठिकाणी असेल तर दोष त्या संगणकात किंवा त्याला जोडलेल्या वस्तूत.

संगणकाकडचा दोष बहुधा पहिल्या जातीचा, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा असतो. हल्ली त्याचं सगळ्यात मोठं कारण ब्लूटूथ. साध्या ब्लूटूथ स्पीकरवर आवाज दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद उशिरा पोचतो, कारण तो आधी दाबला जातो, मग पाठवला जातो, मग उलगडला जातो. मोबाइलवर हे जाणवत नाही, कारण तिथली ॲप्स चित्र तेवढंच मागे धरतात. डेस्कटॉपवरचा प्रत्येक प्लेअर हे करेलच असं नाही. वायर लावली की दोष गेला, तर विषय संपला. दुसरं कारण टीव्ही आणि प्रोजेक्टर. टीव्ही चित्र ‘सुंदर’ करायला वेळ घेतो. आवाज एचडीएमआयमधूनच टीव्हीला जात असेल तर तो बहुधा जुळवून घेतो. पण सभागृहात चित्र प्रोजेक्टरला आणि आवाज संगणकाच्या हेडफोनच्या भोकातून थेट ॲम्प्लिफायरला, अशी जोडणी असते. तिथे आवाज पुढे पळणार हे ठरलेलंच. टीव्हीवर ‘गेम मोड’ किंवा ‘पीसी मोड’ लावला की चित्रावरची प्रक्रिया कमी होते आणि फरक निम्म्याहून खाली येऊ शकतो.

उरलेला फरक प्लेअरमध्ये मिटवता येतो. विंडोजवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘के’ची कळ एकदा दाबली की आवाज ५० मिलिसेकंद मागे सरकतो, ‘जे’ दाबली की ५० पुढे येतो. आकडा पडद्यावर दिसतो. जास्त बारीक हवं असेल तर टूल्समध्ये ‘ट्रॅक सिंक्रोनायझेशन’ आहे. कळांनी केलेला बदल त्या फाइलपुरताच असतो. पुढची फाइल लावली की पुन्हा शून्य. सभागृहातली जोडणी कायमची असेल तर प्रेफरन्सेसमध्ये ‘ऑल’ निवडून ऑडिओखाली ‘डिसिंक्रोनायझेशन कॉम्पेन्सेशन’मध्ये तो आकडा एकदाच लिहून ठेवावा.

विंडोजमध्ये ‘साउंड’च्या जुन्या खिडकीत स्पीकरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ पान उघडा. तिथे ४८,००० हर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) निवडा आणि ‘एन्हान्समेंट्स’ बंद करा. ही सजावट काही संगणकांवर आवाज अडवून धरते. यूट्यूब अडखळत असेल तर व्हिडिओवर उजवी कळ दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. गळलेल्या फ्रेमचा आकडा धावत वाढत असेल तर दर्जा १०८०वरून ७२०वर आणा. क्रोममध्ये ‘सिस्टिम’खाली ग्राफिक्स ॲक्सलरेशनचं बटण एकदा उलटंही करून पहा. चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर कधी एक चालतं, कधी दुसरं. मोबाइलची एचईव्हीसी (चित्र जास्त दाबून साठवण्याची पद्धत) चित्रणं जुन्या संगणकावर फरपटत चालतात, त्याचं कारण संगणकाची अपुरी ताकद. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये हे चित्र उलगडण्याची यंत्रणा २०१५ साली आलेल्या सहाव्या पिढीपासून नीट आली. त्याआधीच्या संगणकाला ते सगळं गणित हाताने करावं लागतं. तिथे नवं साउंड कार्ड घेणं म्हणजे पैसे मलप्रभेत टाकणं.

आता दुसरी जात. हळूहळू वाढत जाणारा फरक. आपल्या भागातली बहुतेक बिघडलेली चित्रणं यातच मोडतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

मोबाइल कॅमेरा सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला की तो फ्रेम कमी करतो, फोन तापला की आणखी कमी. मंडपात संध्याकाळी तर हे व्हायचंच. याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. प्लेअर वेळशिक्के वाचत जातो, म्हणून फाइल नुसती बघताना सगळं बरोबर दिसतं. एडिटिंगची काही सॉफ्टवेअर मात्र गृहीत धरतात की फ्रेम समान अंतरावर आहेत. ते हिशेब करत जातात आणि प्रत्येक मिनिटाला थोडे चुकत जातात. म्हणूनच ‘मोबाइलवर बरोबर होतं, एडिट केल्यावर बिघडलं’ ही तक्रार येते आणि ती खरी असते.

तपासायला मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. फाइल त्यात ओढून टाका आणि व्हिडिओच्या भागात ‘फ्रेम रेट मोड’ ही ओळ पहा. ‘व्हेरिएबल’ लिहिलेलं असेल, तर खाली किमान आणि कमाल आकडेही दिसतील. त्याच पानावर चित्राची आणि आवाजाची लांबी वेगवेगळी दिलेली असते, तीही ताडून घ्या. मग एडिटिंगला बसण्याआधी फाइल हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून काढा. ‘व्हिडिओ’च्या पानावर फ्रेमरेटमध्ये ३० निवडा आणि त्याच्या खालचं टिंब ‘पीक फ्रेमरेट’वरून काढून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर ठेवा. नेमकी हीच पायरी सगळे विसरतात. तयार सेटिंगमध्ये ‘पीक’ असतं आणि ते तसंच राहिलं तर तासभर रूपांतर करूनही फाइल व्हेरिएबलच राहते. ‘ऑडिओ’च्या पानावर सॅम्पलरेट (सेकंदाला किती नमुने, तो आकडा हजारांत) ४८ करा. एडिटिंगसाठी दर्जाची पट्टी १८ ते २० वर पुरे. आकडा लहान तेवढी फाइल मोठी. जुन्या चार कोअरच्या संगणकावर दोन तासांच्या चित्रणाला दोन तासांहूनही जास्त लागू शकतात, म्हणून रात्री लावून झोपावं. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून यूपीएस हवाच.

दुसरं कारण दोन घड्याळांचं. संमेलनात चित्र कॅमेऱ्यावर आणि आवाज मिक्सरमधून वेगळ्या रेकॉर्डरवर घेतात. पद्धत चांगली आहे, आवाज स्वच्छ येतो. पण दोन्ही यंत्रांत वेगवेगळे क्वार्ट्झ स्फटिक असतात आणि ते अगदी सारखे चालत नाहीत. दहा लाखांत ५० भागांचा फरक पडणं नेहमीचंच आहे. तेवढ्याने तासाला ०.१८ सेकंद, दोन तासांच्या अध्यक्षीय भाषणात ०.३६ सेकंद, म्हणजे ९ फ्रेम. सुरुवात कितीही नेमकी जुळवा, शेवटी बिघडणारच.

हा फरक मिटवायला दोन खुणा लागतात, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. श्रोत्यांच्या टाळ्या उपयोगाच्या नाहीत. त्या पसरट असतात, त्यांत एक क्षण सापडत नाही. कार्यक्रमाआधी ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ चाललेलं असतं, तेव्हाच कॅमेरा सुरू करा आणि माइकवर बोटाने एक टिचकी मारा, बोट कॅमेऱ्याला दिसेल असं. ध्वनिक्षेपकवाल्यांना ते आवडत नाही. त्यांचा मान राखायचा तर माइकजवळ टाळ एकदा वाजवा. आभारप्रदर्शन झालं की पुन्हा एकदा. मधे दोन्ही यंत्रं बंद करायची नाहीत. मग एडिटिंगमध्ये बोट माइकला टेकलेली फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातलं उंच टोक यांची दोन्ही ठिकाणची वेळ लिहून काढा. समजा, कॅमेऱ्याप्रमाणे दोन टिचक्यांतलं अंतर ७,२००.०० सेकंद आणि रेकॉर्डरप्रमाणे ७,२००.३६ सेकंद. म्हणजे आवाज ०.००५ टक्क्याने जास्त लांब आहे. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज स्पीड अँड पिच’ घेऊन ०.००५ टक्के वेग वाढवा आणि तो आवाज पुन्हा लावा. सुरात एवढा बारीक फरक पडतो की कसलेल्या गवयालाही कळणार नाही. ‘चेंज टेम्पो’ वापरू नका. तो सूर सांभाळायला आवाज कापून जोडतो आणि एवढ्याशा कामासाठी आवाजाचा पोत उगाच बिघडतो.

रेकॉर्डर ४४,१०० वर आणि एडिटिंगचं प्रोजेक्ट ४८,००० वर असेल, आणि सॉफ्टवेअरने रूपांतर न करता आवाज तसाच घेतला, तर मात्र फरक लपत नाही. एक तासाचा आवाज ५५ मिनिटांत संपतो आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो. काळी एकचा गायक पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी गाताना ऐकू येतो. भजनी मंडळी हे संगणकवाल्यांच्या आधी ओळखतात. यावर उपाय एकच: सगळी यंत्रं आधीपासून ४८,००० वर ठेवायची. हौशी माणूस ४४,१०० ठेवतो कारण सीडीवर तेच असतं, पण व्हिडिओचं प्रमाण ४८,००० आहे.

१९९०च्या दशकातल्या लग्नाच्या आणि नाटकाच्या व्हीएचएस कॅसेटी संगणकावर घेतानाही हेच दोन घड्याळांचं भांडण होतं. यूएसबीच्या डोंगलमधून (कॅसेटचं चित्र संगणकात घेणाऱ्या जोडणीतून) चित्र आणि संगणकाच्या लाइन-इनमधून आवाज असं घेऊ नका. दोन्ही एकाच डोंगलमधून घ्या. कॅसेट जुनी असेल तर फ्रेम गळतात, प्रत्येक गळलेली फ्रेम ४० मिलिसेकंदांची, आणि त्या साठत जातात. घेऊन झालेल्या फाइलला व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमधल्या फ्रेमरेटच्या खिडकीत ‘चित्र आणि आवाज यांची लांबी जुळवा’ असा पर्याय आहे. फ्रेम सगळीकडे सारख्या गळल्या असतील तर त्याने काम होतं. एकाच जागी गळल्या असतील तर होत नाही. तिथे कापून जोडावंच लागतं.

ती तिसरी जात. अनेक कॅमेरे चित्रण ४ जीबीच्या तुकड्यांत साठवतात, कारण कार्डाची मांडणी त्याहून मोठी फाइल घेत नाही. तुकडे जोडताना एखादा क्षण गळतो, तिथून पुढचा सगळा आवाज सरकतो. अशा वेळी फरक जिथे सुरू होतो तिथेच कात्री चालवून पुढचा आवाज सरकवायचा, सगळ्या फाइलवर ताण द्यायचा नाही. तीस-चाळीस छोटे तुकडे सलग जोडले तरी हे होतं. एएसी पद्धतीने दाबलेला आवाज १,०२४ नमुन्यांच्या अखंड गठ्ठ्यांत असतो, ४८,००० वर एक गठ्ठा २१ मिलिसेकंदांचा. चित्र कुठेही कापता येतं, गठ्ठा अर्धा कापता येत नाही, म्हणून काही साधनं प्रत्येक जोडावर थोडी शिल्लक ठेवत जातात.

एका गोष्टीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, ती म्हणजे मंडपाची लांबी. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळजवळ ३ मिलिसेकंद. कर्णे व्यासपीठाजवळ आणि कॅमेरा २० मीटर मागे असेल तर त्याच्या माइकला आवाज ५८ मिलिसेकंद, म्हणजे दीड फ्रेम, उशिरा पोचतो. त्यात सॉफ्टवेअरला ‘मिक्सरचा आवाज कॅमेऱ्याच्या आवाजाशी जुळव’ असं सांगितलं की ते इमानदारीने मिक्सरचाही आवाज तेवढाच मागे नेतं. म्हणून आपोआप जुळवणी झाल्यावर मिक्सरची पट्टी अंतराप्रमाणे एक-दोन फ्रेम पुढे ओढावी. टिचकी आणि बोट पाहून जुळवलं असेल तर ही गरजच उरत नाही.

फरक सगळीकडे सारखा असेल आणि एडिटिंग झालेलं असेल, तर सगळं पुन्हा रेंडर करू (चित्र नव्याने घडवू) नका. एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाका, आवाजाची पट्टी निवडा आणि ‘डिले’च्या चौकटीत मिलिसेकंद लिहा. आवाज मागे न्यायचा तर नुसता आकडा, पुढे आणायचा तर उणे. चित्राला हात न लागता काही मिनिटांत नवी फाइल तयार होते. किती आकडा लिहायचा, ते व्हीएलसीच्या ‘जे’ आणि ‘के’ कळांनी आधीच कळलेलं असतं.

ओबीएस या सॉफ्टवेअरवरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या मंडळांना हा हिशेब उलटा करावा लागतो. वेबकॅम किंवा कॅप्चर कार्ड चित्र उशिरा देतं, माइक लगेच. म्हणून ‘ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये त्या माइकसमोर ‘सिंक ऑफसेट’ घालायचा. आकडा दुसऱ्याला विचारून घालू नका, प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा असतो. दहा सेकंद टाळ्या वाजवत रेकॉर्ड करा, फ्रेम मोजा, एका फ्रेमला ३० वर ३३ आणि २५ वर ४० मिलिसेकंद धरा, तेवढे लिहा, पुन्हा रेकॉर्ड करून पहा. रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइलप्रकारातच ठेवा. आरतीच्या मध्यात वीज गेली तर साधी एमपीफोर फाइल बहुधा उघडतच नाही, एमकेव्ही मात्र जिथपर्यंत झाली तिथपर्यंत वाचते. नंतर ‘रीमक्स’ करून (चित्र-आवाज तसेच ठेवून फक्त फाइलचा प्रकार बदलून) एमपीफोर करता येते.

चढवण्याआधी मूळ फाइली कार्डावरून पुसू नयेत. यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी दुरुस्त फाइल त्याच दुव्यावर ठेवता येत नाही. जुना काढावा लागतो, नव्याला नवा दुवा मिळतो, आणि निमंत्रितांना पाठवलेले सगळे संदेश फुकट जातात. म्हणून तयार फाइल चढवण्याआधी सुरुवात, मध्य आणि शेवट प्रत्येकी एक मिनिट वायरच्या इअरफोनवर पहावी. ब्लूटूथवर नव्हे.

आपले,
व्हिडिओ संकलन आणि संगणक दुरुस्ती करणारे काही कारागीर,
शहापूर, बेळगाव